४९ म्हणजे ‘आय-एल’ का नाही? रोमन संख्याचिन्हे शिकवण्याबाबत

पाचवीची पालक

नमस्कार. माझा मुलगा यंदा पाचवीत आहे आणि राज्य मंडळाच्या गणिताच्या पुस्तकात रोमन संख्याचिन्हांचा धडा आहे. वर्गात झालेल्या लहान संख्या त्याला उत्तम जमल्या. मात्र आय, व्ही आणि एक्स यांच्यापुढे पन्नासासाठी एल, शंभरासाठी सी, पाचशेसाठी डी आणि हजारासाठी एम अशी आणखी चार अक्षरे आहेत हे कळल्यापासून तो दिसेल ती संख्या रोमन चिन्हांत लिहू लागला आहे, आणि अडचण तिथूनच सुरू झाली. ४९ त्याने ‘आय-एल’ असे लिहिले, ९९ ‘आय-सी’ असे. दहाच्या आधी एक लिहिला की नऊ होतात, मग पन्नासाच्या आधी एक लिहून एकोणपन्नास का होऊ नयेत, असे तो विचारतो. आपण मराठीत बोलतानाही पन्नासातून एक वजाच करतो, हा त्याचा पुढचा युक्तिवाद. ‘तसा नियम नाही’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही.

दुसरी शंका घड्याळाची आहे. सासूबाईंच्या खोलीतल्या जुन्या लंबकाच्या घड्याळावर चारच्या जागी ‘आय-व्ही’ नसून चार उभ्या रेघा आहेत. पुस्तक म्हणते की एकच अक्षर सलग तीनपेक्षा अधिक वेळा लिहायचे नाही. मग घड्याळ चूक मानायचे का?

तिसरे म्हणजे, हे सगळे नियम पाठ करून घ्यावेत की लिहिण्याची एखादी सरळ रीत आहे? (अक्षरे मी मुद्दाम उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. उत्तर देणाऱ्यांनीही तसेच केल्यास त्याला स्वतःला मोठ्याने वाचून समजून घेता येईल.)

निवृत्त गणित शिक्षिका

ताई, आपल्या मुलाचा तर्क टाकाऊ मुळीच नाही. पाचवीच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी हाच प्रश्न विचारत असे आणि जो विचारत असे त्याला धडा समजला आहे अशी माझी खात्री होत असे. उणीव एवढीच आहे, की तो पूर्ण संख्येकडे एकदम पाहतो आहे. आज प्रमाण मानली जाणारी रोमन लेखनपद्धती संख्येकडे तशी पाहत नाही. ती हजार, शतक, दशक आणि एकक असे तुकडे पाडते, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे लिहिते आणि मग ते डावीकडून उजवीकडे एकापुढे एक मांडते.

त्याला आधी संख्येचे विस्तारित रूप लिहायला सांगा, जे तो तिसरीपासून करत आला आहे. ४९ म्हणजे ४० अधिक ९. चाळीस ‘एक्स-एल’, नऊ ‘आय-एक्स’, म्हणून एकोणपन्नास ‘एक्स-एल-आय-एक्स’. नव्याण्णवचेही तसेच: नव्वद ‘एक्स-सी’, नऊ ‘आय-एक्स’, दोन्ही जोडून ‘एक्स-सी-आय-एक्स’. ‘आय-एल’ मध्ये आय हे एककाच्या घरातले अक्षर आहे आणि एल दशकाच्या घरातले, आणि एका घरातल्या अक्षराने दुसऱ्या घरातल्या अक्षरातून वजाबाकी करायची नाही, एवढेच त्याला समजावून द्यायचे आहे.

आता या घरांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. प्रत्येक घराला तीन अक्षरे लागतात: त्या स्थानाचा एक, त्या स्थानाचे पाच आणि त्या स्थानाचे दहा. एककासाठी ती आय, व्ही, एक्स आहेत. दशकासाठी एक्स, एल, सी. आणि शतकासाठी सी, डी, एम. एका घराचे ‘दहा’ हेच पुढच्या घराचे ‘एक’ असते, त्यामुळे तीन घरांना मिळून नऊ नव्हे तर सातच अक्षरे पुरतात. एककाच्या घरात एक ते नऊ कसे लिहितात हे मुलाला येतेच: आय, आय-आय, आय-आय-आय, आय-व्ही, व्ही, व्ही-आय, व्ही-आय-आय, व्ही-आय-आय-आय, आय-एक्स. याच नऊ आकृत्या जशाच्या तशा ठेवून आयच्या जागी एक्स, व्हीच्या जागी एल आणि एक्सच्या जागी सी घातले, की दहा ते नव्वद हे सगळे दशक तयार होतात. आणखी एक घर वर सरकले की शंभर ते नऊशे. म्हणजे शिकायच्या आकृत्या नऊच, बाकी सगळा अक्षरांचा बदल.

ही रीत हाताशी असली, की पुस्तकातले नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. व्ही, एल आणि डी दोनदा का येत नाहीत? कारण नऊपैकी एकाही आकृतीत ‘पाच’चे अक्षर दोनदा नाही. वजाबाकी कुठे कुठे होते? फक्त चार आणि नऊ या आकृत्यांमध्ये, म्हणजे तीन घरांत मिळून सहाच ठिकाणी: ४, ९, ४०, ९०, ४०० आणि ९००. ‘कशातून काय वजा करता येते’ याची यादी घोकून मुले गोंधळतात, कारण ती यादी त्यांना हवेत लटकलेली दिसते.

सरावासाठी स्वातंत्र्याचे वर्ष घ्या. १९४७ म्हणजे १०००, ९००, ४० आणि ७. हजार ‘एम’, नऊशे ‘सी-एम’, चाळीस ‘एक्स-एल’, सात ‘व्ही-आय-आय’. सगळे एका ओळीत: एम-सी-एम-एक्स-एल-व्ही-आय-आय. त्यानंतर ४४४ द्या, कारण त्यात तिन्ही घरांत तीच आकृती येते आणि उत्तर ‘सी-डी-एक्स-एल-आय-व्ही’ असे होते. ते त्याला न अडखळता आले तर पुढे चिंता नाही. चौकटीच्या वहीत वर ह, श, द, ए अशी शीर्षके लिहून त्याखाली रोमन तुकडे मांडायला लावले तर फार लवकर साधते.

शिलालेख वाचणारा

बाईंची रीत उत्तम आहे आणि परीक्षेसाठी तीच वापरावी. परंतु मुलाच्या मनात असे बसू नये, की प्राचीन रोममधले लोक हे नियम काटेकोर पाळत होते. खुद्द रोममधल्या कोलोसियमच्या प्रवेशद्वारांवर कोरलेले क्रमांक आजही वाचता येतात. त्यांतल्या चव्वेचाळिसाव्या दारावर ‘एक्स-एल-आय-आय-आय-आय’ असे आहे. म्हणजे चाळीस वजाबाकीने लिहिले आहेत आणि चार मात्र सरळ चार रेघांनी, तेही एकाच क्रमांकात. ५४ क्रमांकाच्या दारावर एलच्या पुढे अशाच चार रेघा आहेत.

याहून मजेदार उदाहरण जर्मनीतल्या बॉन शहराच्या संग्रहालयात आहे. इ. स. ९ मध्ये ट्युटोबर्गच्या अरण्यात रोमन सैन्याचा दारुण पराभव झाला, त्यात मारल्या गेलेल्या मार्कुस काएलियुस या अधिकाऱ्याच्या स्मारकशिळेवर त्याच्या पलटणीचा क्रमांक १८ हा ‘एक्स-आय-आय-एक्स’ असा कोरलेला आहे. आज आपण ‘एक्स-व्ही-आय-आय-आय’ लिहू. कोरणाऱ्याने शेवटच्या दहातून दोन वजा केले, कारण लॅटिनमध्ये अठराला ‘विसाला दोन कमी’ अशा अर्थाचेच नाव होते. तेव्हा बोलण्यातली वजाबाकी लिहिण्यात उतरवणारा आपला मुलगा पहिला नव्हे, दोन हजार वर्षांपूर्वीचा पाथरवट त्याच्या आधीचा आहे.

आपल्याकडचा नमुना पाहायचा असेल तर मुलाला गेटवे ऑफ इंडियापाशी घेऊन जा. कमानीवरच्या इंग्रजी लेखात राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या भारतातील आगमनाची तारीख २ डिसेंबर अशी शब्दांत दिली आहे आणि वर्ष रोमन चिन्हांत कोरले आहे: एम-सी-एम-एक्स-आय. १९११. राजाच्या नावापुढचा पाचाचा व्हीही त्याच लेखात आहे, त्यामुळे लहान आणि मोठी अशा दोन्ही संख्या एकाच ठिकाणी वाचायला मिळतात. (वास्तू त्या वर्षी उभी नव्हती, पायाभरणी १९१३ ची आणि उद्घाटन १९२४ चे.) गमतीची गोष्ट अशी, की जवळजवळ त्याच काळात लंडनमध्ये बांधलेल्या ॲडमिरल्टी आर्च या कमानीवर १९१० हे वर्ष ‘एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स’ असे कोरलेले आहे. बाईंच्या हिशेबाने नऊशे ‘सी-एम’ व्हायला हवेत. तिथे पाचशेपुढे चार शंभर ओळीने मांडले आहेत. एकाच साम्राज्यात, एकाच पिढीत, दोन कमानींवर नऊशे दोन तऱ्हांनी.

घरात कोणाकडे जुने चांदीचे रुपये असतील तर तेही काढून दाखवा. सातवे एडवर्ड, पाचवे जॉर्ज आणि सहावे जॉर्ज या तिघांच्याही नाण्यांवर राजाच्या नावापुढे रोमन अंक आहे, आणि व्ही, व्ही-आय, व्ही-आय-आय हा क्रम हातात धरून पाहता येतो. तीन नाणी अंकांच्या चढत्या क्रमाने लावली तर राजांचा कालक्रम मात्र बिघडतो, कारण सातवे एडवर्ड हे पाचव्या जॉर्जचे वडील. असे का, हा वेगळा आणि चांगला प्रश्न मुलाला पडेल.

निवृत्त गणित शिक्षिका

आपण दिलेली माहिती रंजक आहे, तरीही एका मुद्द्यावर माझा आक्षेप नोंदवते. ‘रोमनांनीही असेच लिहिले होते’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाच्या हाती दिले, की तो परीक्षेत चार रेघा काढून येतो आणि वर शिक्षकांशी वाद घालतो. आधी एक प्रमाण रूप पक्के व्हावे आणि मग अपवादांची ओळख करून द्यावी, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. प्रमाण रूपाचा फायदाही साधा नाही: प्रत्येक संख्येला एकच लेखन असले तरच दोन माणसांनी लिहिलेली उत्तरे ताडून पाहता येतात.

शिलालेख वाचणारा

मान्य. लिहिताना एकच रूप असावे आणि वाचताना सगळी रूपे ओळखता यावीत, एवढेच माझे म्हणणे होते. वाचण्याची कसोटी एकच आहे: डावीकडून वाचत जावे, पुढचे अक्षर मोठे असेल तर हातातले वजा करावे, नसेल तर मिळवावे. त्या काएलियुसच्या अठरासारखे अपवाद सोडले, तर कोलोसियमपासून गेटवेपर्यंत सगळे या कसोटीने सुटते.

घड्याळ दुरुस्ती

घड्याळाच्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण ग्राहकांकडून तो सतत ऐकावा लागतो. आपले घड्याळ चूक नाही. रोमन तबकडीवर चारच्या जागी चार रेघा काढण्याची घड्याळजींची परंपरा शेकडो वर्षांची आहे आणि नवीन घड्याळांतही ती पाळली जाते. मात्र ती सर्वांनी पाळलीच असे नाही. लंडनच्या पार्लमेंटवरचे बिग बेन म्हणून प्रसिद्ध असलेले मोठे घड्याळ पाहिले, तर तिथे ‘आय-व्ही’च आहे.

असे का करतात याची पाच-सहा कारणे सांगितली जातात, त्यांत कुठल्यातरी राजाच्या हट्टाची कथाही असते, तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही. मला पटणारे कारण तबकडीच्या रचनेतले आहे. रोमन तबकडीवर अक्षरांचे पाय बहुधा मध्याकडे असतात, त्यामुळे खालच्या बाजूचे आकडे आपल्याला उलटे दिसतात. चार आणि सहा हे दोन्ही खालच्याच भागात येतात, आणि उलटे पाहिलेले ‘आय-व्ही’ व ‘व्ही-आय’ यांत घाईने पाहणाऱ्याची गफलत सहज होते. चार रेघा असल्या की तो धोका राहत नाही. दुसरे कारण नजरेचे आहे. चारच्या बरोबर समोर आठ येतो, आणि आठ म्हणजे ‘व्ही-आय-आय-आय’, सर्वांत रुंद आकडा. त्याच्या समोर दोनच अक्षरे असली तर तबकडी एका अंगाला कलल्यासारखी भासते.

आपल्या मुलाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट सांगतो. चार रेघांच्या तबकडीवर एक ते चार या आकड्यांत केवळ आय असतो, पाच ते आठ यांत व्ही येतो आणि नऊ ते बारा यांत एक्स, म्हणजे तबकडीचे चार-चारचे तीन सारखे भाग पडतात. ‘आय-व्ही’ लिहिले की ही मांडणी मोडते. आमच्या धंद्यात नियमापेक्षा तबकडी दुरून कशी दिसते याला अधिक मान आहे.

पाचवीची पालक

सर्वांचे मनापासून आभार. चौकटीच्या वहीची रीत काल संध्याकाळी करून पाहिली आणि ४४४ त्याला जमले. पण लगेच दोन नवे प्रश्न निघाले. १००५ लिहिताना शतक आणि दशक यांच्या चौकटी रिकाम्या राहतात, तिथे काय लिहायचे? आणि ४००० कसे लिहायचे? चार वेळा एम लिहिला तर तीनपेक्षा अधिक वेळा न लिहिण्याचा नियम मोडतो.

त्यात भर म्हणून त्याच्या बाबांनी कार्यालयातल्या एक्सेलमध्ये पाहिले, तर तिथे ४९९ साठी एकाहून अधिक उत्तरे मिळतात आणि त्यांतले एक चक्क ‘आय-डी’ आहे. मुलगा म्हणतो, ‘बघ, संगणकाला माझीच पद्धत येते.’

हिशेब तपासनीस

एक्सेलचा खुलासा मी करतो, कारण माझे दिवसभराचे काम त्यातच असते. संख्या रोमन चिन्हांत बदलणाऱ्या त्या सूत्राला दुसरा एक ऐच्छिक आकडा देता येतो, शून्यापासून चारपर्यंत. काहीच दिले नाही किंवा शून्य दिले तर प्रमाण रूप मिळते: ४९९ साठी ‘सी-डी-एक्स-सी-आय-एक्स’. आकडा वाढवत नेला की उत्तर अधिकाधिक आखूड होत जाते आणि चार दिल्यावर ‘आय-डी’, म्हणजे पाचशेतून एक वजा, एवढेच उरते. ती जागा वाचवण्यासाठी ठेवलेली सोय आहे आणि मूळ, प्रमाण रूप कोणते हे त्या सूत्राच्या मदतपानावरच नोंदवलेले आहे. तेव्हा संगणकाला आपल्या मुलाची पद्धत येते हे खरे, पण विचारल्याशिवाय तो ती वापरत नाही. ३९९९ च्या पुढची संख्या दिली तर सूत्र उत्तरच देत नाही, चूक दाखवते. हे का, ते बाई सांगतीलच.

निवृत्त गणित शिक्षिका

रिकामी चौकट रिकामीच सोडायची. १००५ म्हणजे हजाराचा एम आणि पाचाचा व्ही, एवढेच: ‘एम-व्ही’. या पद्धतीत अक्षराची किंमत अक्षरातच असते, ते कितव्या जागी उभे आहे त्यावर ती ठरत नाही, म्हणून मधली जागा राखून ठेवणाऱ्या चिन्हाची गरज पडत नाही. आपल्या लेखनात मात्र १००५ मधली दोन शून्ये पुसली तर १५ उरतात. शून्य का हवे, हे मुलांना रोमन संख्यांच्या शेजारी ठेवून जितके स्पष्ट दिसते तितके एरवी दिसत नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरातल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या आजच्यासारखीच, शून्यासह कोरलेली आहे. या भारतीय अंकांची रीत इटलीतल्या फिबोनाची याने १२०२ मध्ये आपल्या ग्रंथातून युरोपातल्या व्यापाऱ्यांपुढे सविस्तर मांडली. तोपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ तिकडचे लोक हिशेब गणनापटावर करत आणि उत्तर रोमन चिन्हांत टिपून ठेवत. मुलाला २३८ गुणिले ४६ हा गुणाकार रोमन अक्षरांत करायला सांगून पाहा, पट का लागत असे ते दोन मिनिटांत कळेल.

४००० बाबत त्याची शंका अगदी रास्त आहे. हजाराच्या घरात आपल्याकडे ‘एक’चे अक्षर आहे, पण ‘पाच’चे आणि ‘दहा’चे नाही. त्यामुळे नऊ आकृत्यांपैकी पहिल्या तीनच काढता येतात आणि ३९९९ ला गाडी थांबते. त्यापुढे जाण्यासाठी अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ काढून त्याची किंमत हजारपट करण्याची पद्धत आहे. व्हीवर रेघ म्हणजे पाच हजार, म्हणून चार हजारांसाठी आय आणि व्ही या दोघांवर मिळून एक रेघ. शाळेत हे विचारत नाहीत.

सातही अक्षरे त्याच्या लक्षात राहावीत म्हणून एक वर्ष देऊन ठेवते. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते १६६६. चौकटीत मांडून पाहू दे: हजार, सहाशे, साठ, सहा. उत्तर ‘एम-डी-सी-एल-एक्स-व्ही-आय’ येते. सातही अक्षरे, प्रत्येक एकदाच, आणि मोठ्याकडून लहानाकडे अचूक उतरत्या क्रमाने.

पाचवीची पालक

१६६६ त्याने लगेच वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. त्यानंतर स्वतःहून राज्याभिषेकाचे १६७४ ‘एम-डी-सी-एल-एक्स-एक्स-आय-व्ही’ असे, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे १९६० ‘एम-सी-एम-एल-एक्स’ असे आणि १९९९ ‘एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स’ असे लिहिले आहे. कृपया तपासावे. यापुढे त्याला ३९९९ च्या आतली सर्वांत जास्त अक्षरे लागणारी संख्या शोधायची आहे.

निवृत्त गणित शिक्षिका

तिन्ही बरोबर. सर्वांत लांब संख्या त्याची त्यालाच शोधू द्या. सूचना एवढीच, की नऊ आकृत्यांपैकी सर्वांत जास्त अक्षरे कोणत्या आकृतीत आहेत ते आधी पाहावे आणि हजाराच्या घराला तीनचीच मर्यादा आहे हे विसरू नये. उत्तरात पंधरा अक्षरे आली पाहिजेत.